वहिनी, हात काळे होतील!

मैत्रिणींनो, फोडणीला कोणतं तेल, पुरणपोळीवर कोणतं तूप, हे आपण किती चोखंदळपणे ठरवतो! पण गाडीच्या ग्रीसचा विषय निघाला की 'ते गॅरेजवाला बघेल' म्हणून मोकळ्या होतो. खरं तर ग्रीस म्हणजे बरंचसं तेल आणि त्याला धरून ठेवणारा साबण. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या लिथियम ग्रीसमधला साबण तर बहुतेक वेळा एरंडेलापासून केलेला असतो. म्हणजे हे प्रकरण आपल्याला अगदीच परकं नाही.

दीर गेल्यापासून बागेची जुनी जीप जाऊबाई आणि मी सांभाळतो. आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढायचा, रिकामी गाडी घेऊन उतरायचा. गॅरेजच्या बिलात दर वेळी 'ग्रीसिंग' असायचं. एकदा वाकून पाहिलं, तर ग्रीस भरायच्या निपलवर मागच्या पावसाळ्यातली लाल माती तशीच! विचारलं तर म्हणे, "वहिनी, तुम्ही कशाला हात काळे करताय?" त्याच आठवड्यात आम्ही ग्रीस गन घेतली.

प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता. मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या लांब शाफ्टला जे सांधे असतात, त्यांना गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. क्रॉस कोरडा पडला की आतले सुयांसारखे बारीक रोलर झिजतात, गाडी सुटताना 'टक्' आवाज येतो. तरी दुर्लक्ष केलं आणि शाफ्ट निखळला, तर उतारावर गिअरचा आधारच जातो. मग सगळा भार एकट्या ब्रेकवर!

गन घेण्याआधी गाडीचं पुस्तक मात्र जरूर पाहा. आजच्या बहुतेक मोटारींचे सांधे कारखान्यातूनच बंद करून येतात, त्यांना निपल नसतातच. तिथे गन घेऊन काय करणार? जुन्या जीप, टेम्पो, ट्रॅक्टर यांना मात्र ती हवीच.

आता ग्रीस. डब्याच्या रंगावर जाऊ नका. लाल, निळा हा नुसता घातलेला रंग असतो. बघायचा तो आकडा. ००० पासून ६ पर्यंत ग्रीसचे घट्टपणाचे नंबर असतात. गाड्यांना सहसा २ नंबर लागतो, साधारण घट्टसर लोण्यासारखा. क्रॉससाठी जास्त दाब सोसणारं, म्हणजे डब्यावर 'ईपी' लिहिलेलं लिथियम ग्रीस आम्ही आणतो. चाकांची बेअरिंग तापतात, म्हणून तिथे 'लिथियम कॉम्प्लेक्स'. ते गननं नाही, तर बेअरिंग काढून, धुऊन, तळहातावर घेऊन भरायचं. डिस्क ब्रेकच्या पिनांना वेगळं, सिलिकॉनचं ग्रीस लागतं, कारण साध्या ग्रीसनं तिथलं रबर फुगतं. आणि एका ग्रीसवर दुसरं ठोकून भरू नका. काही जातींचं एकमेकांशी जमत नाही, मिश्रण पातळ होऊन वाहून जातं.

गनचे मुख्य प्रकार दोन. लांब दांड्याची गन दाब चांगला देते, पण तिला दोन्ही हात लागतात. पिस्तुलासारखी गन एका हातानं चालते, दुसऱ्या हातानं तोंड निपलवर धरता येतं. गाडीखाली आडवं पडून काम करायचं, म्हणून आम्ही पिस्तुलाची घेतली, लवचीक नळीसकट. दुकानात जाताना जुनं निपल पिशवीत टाकून न्या. गनचं तोंड त्यावर 'खट्' करून बसलं पाहिजे. लुकलुकलं, तर अर्धं ग्रीस बाहेरच जाणार.

काम करताना गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना अडण द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. निपल फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर माती आत ढकलली जाते. क्रॉसमधून जुनं काळं ग्रीस निघून नवं डोकावलं की थांबा. रबरी टोपी असलेल्या सांध्यात ती फुगू लागली की थांबा, फाटली तर पाणी शिरतं. दाबाखालच्या गनच्या तोंडापुढे बोट कधीही धरू नका. ग्रीस कातडीत घुसलं, तर वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत मोठी इजा होते. दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी आता ग्रीसची तारीख आणि किलोमीटर असतात. ओढ्यातून गाडी काढली की तारखेची वाट न बघता जाऊबाई गन भरायला घेतात. हात काळे होतात खरे. पण भांड्यांच्या साबणानं ते निघतात हो!