सी सर्व्हरमध्ये टीएलएस: पोल गप्प का बसतो?

सी भाषेतल्या सर्व्हरला ओपनएसएसएल वापरून टीएलएस जोडणं वाटतं तेवढं अवघड नाही. सुरुवातीला एकदाच कॉन्टेक्स्ट बनवून त्यात सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की भरायची; मग प्रत्येक नवं सॉकेट एसएसएल ऑब्जेक्टला जोडून हँडशेक. पुढे रीड-राइटच्या जागी एसएसएल_रीड, एसएसएल_राइट.

खरी कसोटी नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर लागते. टीएलएसच्या एका रेकॉर्डमध्ये १६ केबीपर्यंत डेटा मावतो आणि लायब्ररी तो अख्खा एकदम उलगडते. तुम्ही त्यातला ४ केबीच वाचलात, तर उरलेला लायब्ररीच्या बफरमध्ये पडून राहतो. सॉकेट मात्र रिकामं, म्हणून पोल गप्प! तेव्हा पोलकडे वळण्याआधी एसएसएल_पेंडिंग तपासाच. आणि हो, वाचताना 'वाँट राइट' आलं तरी दचकू नका. सॉकेट लिहिण्यासाठी मोकळं झालं की तोच रीड पुन्हा करा.