कोंब आलेला बटाटा

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही शाळेचे कुलूप काढले, त्या सकाळची ही हकीकत. मध्यान्ह आहाराच्या, म्हणजे इकडे लहानथोर ज्याला 'बिसीऊट' म्हणतात त्याच्या, स्वयंपाकघरात खिडकीखाली बटाट्यांचे अर्धे पोते राहून गेले होते. तोंड उघडेच होते. ते तेथे ठेवावयास आम्हीच सांगितले असल्याने दोष अन्य कोणास देता येत नाही. वरचे बटाटे हिरवट पडलेले, तळच्यांना बोटभर पांढरे कोंब.

"कोंब खुडून टाकल्यावर काय होतंय सर?" मावशींनी विचारले. जन्मभर अन्नाचा कण वाया न घालविलेल्या बाईचा तो प्रश्न होता. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही क्षणभर मान डोलाविणार होतो.

आठवले ते लंडन. १९६९ साली तेथील मुलांच्या एका शाळेत उन्हाळी सुट्टीपूर्वीचे उरलेले बटाटे सुट्टीनंतर उकडून वाढण्यात आले. ७८ मुले आजारी पडली. १७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सर्व बरी झाली. सुट्टी, पोते आणि मुले, तिन्ही गोष्टी आमच्यासमोर तशाच होत्या.

बटाटा हा वांगी-टोमॅटोचा भाऊबंद. निपाणीकरांच्या रोजच्या परिचयातील तंबाखूही त्याच कुळातली. तंबाखूत निकोटीन, तसे बटाट्यात सोलानाइन आणि चाकोनाइन. किडीमुंगीने आपल्याला खाऊ नये म्हणून वनस्पतीने केलेली ही तजवीज होय. उजेड लागला, मार बसला किंवा कोंब फुटले की ही द्रव्ये वाढतात. हिरवा रंग हरितद्रव्याचा, स्वतः निरुपद्रवी. परंतु उजेड लागल्याची ती चुगली असते. अंधारात कोंब आलेला बटाटा हिरवा न दिसताही कडू असू शकतो. विषाचा मुख्य साठा कोंबात, डोळ्यांत व सालीलगत. आणि उकडल्याने तो नाहीसा होत नाही, हीच खरी गोम. १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅमपर्यंत चालते असे मानतात. चांगल्या बटाट्यात त्याहून पुष्कळ कमी असते. अधिक झाल्यास ओकाऱ्या, जुलाब, पोटात कळा. आपण म्हणतो, "काहीतरी बाधलं", आणि बटाट्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

तेव्हा मावशींसह आम्ही पोते ओतून निवडावयास बसलो. टणक आणि नुकता मोड आलेला तो ठेविला. त्याचा डोळा खोलवर कोरावयाचा, साल जाड काढावयाची. हिरवा, सुरकुतलेला, मऊ पडलेला तो बाजूला. जवळजवळ निम्मे बाजूला गेले. मावशींचा चेहरा पाहवत नव्हता.

रताळ्याची गोष्ट निराळी. 'बटाटा' हे नाव पोर्तुगीजांकडून आले आणि मुळात ते रताळ्याचेच होते, ही गंमत आमच्यासारख्या भाषेच्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील रताळी नवरात्रापासून बाजारात येतात. त्यांना कोंब आले तरी विषबाधेचे भय नाही. कोंब काढून खावीत. मात्र बुरशी लागून काळे, कडू झालेले रताळे पूर्ण टाकावे, आणि म्हशीपुढेही टाकू नये. अशी रताळी खाऊन फुप्फुसांच्या विकाराने गुरे दगावल्याची नोंद परदेशी आहे. कांदा-लसणाच्या कोंबाला भिण्याचे कारण नाही.

बटाटे न धुता, गोणपाट झाकून, अंधाऱ्या परंतु हवेशीर जागी ठेवावेत; कांद्याच्या बुट्टीशेजारी नव्हे. फ्रीजमध्ये ठेवल्यास पिठूळपणाची साखर होते आणि तळताना काप काळे पडतात.

बाजूला काढलेल्या बटाट्यांचे काय? खाण्यास नालायक झालेला तो बटाटा बेण्याला मात्र उत्तम. मावशींनीच खोऱ्याची मागणी केली. सातवीच्या मुलांनी स्वयंपाकघरामागे चार सऱ्या ओढल्या. जानेवारीअखेर दोन बुट्ट्या निघाल्या, आणि त्या ठेवावयास मावशींनी आमचा सल्ला विचारला नाही.