संगणकाचा कुरकुरणारा पंखा



पुष्कळ घरांतून व शाळांतून टेबलावरचा संगणक उन्हाळा लागतांच कुरकुरूं लागतो. कोणी त्यास थाप मारतो, कोणी पंख्याची तारच काढून ठेवतो, तर कोणी यंत्र म्हातारें झालें असें समजून तें मोडींत घालतो. वास्तविक दोष बहुधा एका लहानशा पंख्याचा असतो, व तो कांहींशें रुपयांत बदलतां येतो.

प्रथम पंख्याचें काम पाहूं. संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, तो काम करतांना तापतो. त्यावर धातूच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा बसविलेला असतो; उष्णता त्यांत उतरते, आणि पंखा ती वाऱ्यानें वाहून नेतो. परंतु पंखा गारवा उत्पन्न करीत नाहीं. खोलींतील हवेहून अधिक थंड तो कशासही करूं शकत नाहीं. वर्ध्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां तितक्याच कामासाठीं पंख्यास हिंवाळ्याहून अधिक वेगानें फिरावें लागतें. शिवाय हिंगणघाट, आर्वी, देवळी या बाजूस कापसाच्या हंगामांत हवेंतील बारीक तंतु धुळीसह पत्र्यांच्या फटींत बसतात व वाऱ्याची वाट अडवितात. म्हणून हिंवाळ्यांत लपलेला दोष वैशाखांत ओरडूं लागतो.

आतां आवाजाचें कारण. ज्यानें चरखा चालविला आहे त्यास ठाऊक असतें, कीं चातीचे आधार झिजले म्हणजे चाती डगमगते व खडखड करते. पंख्याचा दांडाही अशाच एका आधारांत फिरतो. त्यास बेअरिंग म्हणतात. त्यांतील वंगण आटलें, कीं घरघर सुरू होते. नुसता सूं-सूं असा वाऱ्याचा आवाज असल्यास धूळ काढणें पुरे. टक्‌-टक्‌ असा आवाज असल्यास एखादी तार पात्यास लागत असेल. घरघर मात्र पंखा बदलण्याची सूचना होय. तेलाच्या थेंबानें ती कांहीं दिवस थांबते, पण झीज भरून येत नाहीं. पंखा अजिबात थांबला, तर प्रोसेसर स्वतःस वांचविण्यासाठीं प्रथम मंद होतो, आणि मग यंत्र एकाएकीं बंद पडतें. शाळेचा निकाल तयार करतांना असें घडलें, तर न सांठविलेलें सर्व काम वायां जातें.

पंखा बदलण्यापूर्वीं यंत्र बंद करून वीज तोडावी. पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील विद्युत्‌ उतरूं द्यावी, आणि मगच आंत हात घालावा. प्रत्येक पंखा बोटानें हलकेच फिरवून पाहावा. जो अडखळतो किंवा डुलतो, तो दोषी. वीजपुरवठ्याच्या बंद डब्यांतील पंखा दोषी असल्यास तो डबा घरीं मुळींच उघडूं नये. त्यांत वीज तोडल्यावरही धोकादायक विद्युत्‌ सांठून राहते. तें काम जाणत्या कारागिराचें.

नवा पंखा जुन्याच्याच मापाचा घ्यावा. माप चौकटीच्या बाजूचें असतें: ८०, ९२ किंवा १२० मिलिमीटर. जाडी बहुधा २५ मिलिमीटर असते, तीही पाहावी. तो १२ व्होल्टचा आहे ना, व त्याच्या जोडणीस तीन तारा आहेत कीं चार, हें तपासावें. तिसरी तार पंख्याचा वेग कळविते. चौथी असल्यास तिच्या द्वारें तो वेग कमीजास्त करतां येतो. आपल्याकडील उष्म्यांत छर्ऱ्यांचें बेअरिंग अधिक टिकतें, मग आवाज किंचित्‌ जास्त असला तरी चालेल.

बसवितांना चौकटीवरील बाण पाहावा. वारा त्या दिशेनें जातो. मागील पंख्यानें ऊन हवा बाहेर टाकली पाहिजे. जुन्याच जागीं तार जोडावी. प्रोसेसरवरील ठोकळा काढावा लागला, तर जुना लेप पुसून नवा पातळ लेप द्यावा. नुसता पंखा सुटत असेल, तर ठोकळ्यास हात लावूं नये.

पुढें दरवर्षीं कापसाचा हंगाम संपला, कीं फाल्गुनांत एकदां मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. पातीं बोटानें धरून ठेवावीं. फुंकरीनें तीं गरगर फिरूं दिल्यास बेअरिंग झिजतें. एवढें केलें, तर मोडींत जाणारें यंत्र आणखी कांहीं वर्षें मुलांच्या उपयोगीं पडेल.