तडजोडीची हद्द : लिंकन यांची राजकीय पत्रे

1855 च्या ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या एका वकिलाने दोन आठवड्यांत तीन पत्रे लिहिली. पहिले गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले पाद्री ओवेन लव्हजॉय यांना, दुसरे केंटकीतले ज्येष्ठ कायदेपंडित जॉर्ज रॉबर्टसन यांना आणि तिसरे जुने जिवलग मित्र जोशुआ स्पीड यांना. हे स्पीड स्वतः गुलामांचे मालक होते. पत्रे लिहिणारे होते अब्राहम लिंकन. तेव्हा ते 46 वर्षांचे होते. राज्याच्या विधिमंडळात चार वेळा आणि काँग्रेसमध्ये एकदा निवडून गेलेले, पण हाती कोणतेही पद नसलेले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची भाषणे जगाला ठाऊक आहेत. त्यांचे राजकारण कसे घडत गेले हे मात्र भाषणांपेक्षा या आधीच्या पत्रव्यवहारात अधिक स्वच्छ दिसते. तत्त्व आणि डावपेच हे एकमेकांचे वैरी असतात असे आपण सहज धरून चालतो. ही पत्रे वेगळे सांगतात. कुठे नमते घ्यायचे आणि कुठे अजिबात घ्यायचे नाही, ही हद्द ज्याच्या मनात पक्की असते, त्याला डावपेच खेळूनही तत्त्व राखता येते.

या पत्रांची पार्श्वभूमी 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याची आहे. 1820 च्या मिसुरी तडजोडीनुसार मिसुरी राज्य वगळता पश्चिमेच्या त्या विस्तीर्ण मुलखात 36 अंश 30 मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. इलिनॉयचेच सिनेटर स्टीफन डग्लस यांनी नवा कायदा आणून ती बंदी मोडीत काढली आणि निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांच्या मतावर सोपवला. मागे पडलेले लिंकन त्या संतापाने पुन्हा राजकारणात उतरले आणि सिनेटच्या जागेसाठी उभे राहिले. त्या काळी सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचे विधिमंडळ निवडत असे. त्यामुळे एकेक सदस्य पारखून घ्यावा लागे आणि त्याचे साधन होते टपाल. 1845 पूर्वी चारशे मैलांहून लांब जाणाऱ्या एका पानाच्या पत्राला 25 सेंट पडत. 1851 नंतर आगाऊ पैसे भरून साधे पत्र 3 सेंटमध्ये तीन हजार मैलांपर्यंत पोचू लागले. नोव्हेंबर 1854 मध्ये लिंकन यांनी ऑरोरा गावच्या एका परिचिताला लिहिलेले पत्र पाहा. पूर्वी तुमचा माझ्याकडे ओढा होता. तो अजून असेल तर त्याची वेळ आता आली आहे, असे ते मोकळेपणाने म्हणतात. लगोलग आसपासच्या सदस्यांची नावे, त्यांची टपाल कार्यालये आणि त्यांचा राजकीय कल कळवा, अशी विनंतीही करतात. पुढे त्यांनी शंभरच्या शंभर सदस्यांच्या याद्या स्वतःच्या हाताने लिहून काढल्या.

एवढे करूनही 8 फेब्रुवारी 1855 रोजी ते हरले. दुसऱ्याच दिवशी काँग्रेस सदस्य एलिहू वॉशबर्न यांना त्यांनी पराभवाचा तपशीलवार हिशेब कळवला. पहिल्या फेरीत लिंकन यांना 44, डेमोक्रॅट जेम्स शील्ड्स यांना 41 आणि लायमन ट्रम्बुल यांना अवघी 5 मते पडली होती. ट्रम्बुल हे नेब्रास्का कायद्याला विरोध करणारे डेमोक्रॅट. त्यांचे पाच पाठीराखे डेमोक्रॅटांचा जुना प्रतिस्पर्धी असलेल्या व्हिग पक्षाच्या लिंकन यांना मत द्यायला काही केल्या तयार होईनात. तेवढ्यात त्या कायद्याच्या बाजूचे गव्हर्नर जोएल मॅटसन यांचे पारडे जड होत चालले. तेव्हा लिंकन यांनी आपली माणसे ट्रम्बुल यांच्याकडे वळवली आणि दहाव्या फेरीत ट्रम्बुल 51 मतांनी निवडून आले. आपल्या पराभवाच्या दुःखापेक्षा मॅटसन हरल्याचा आनंद मोठा आहे, असे लिंकन पत्रात लिहितात. 44 मतांच्या धन्याने 5 मतांच्या माणसाला जागा सोडावी, ही साधी गोष्ट नाही. पद गेले तरी चालेल, गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा माणूस सिनेटमध्ये गेला पाहिजे, हा त्या हिशेबाचा अर्थ.

आता ऑगस्टच्या त्या तीन पत्रांवर सर्वांत मोठा आक्षेप येतो तो दुटप्पीपणाचा. परदेशातून आलेल्यांना आणि कॅथलिकांना विरोध करणारा ‘नो-नथिंग’ पक्ष तेव्हा जोरात होता. लव्हजॉय यांच्याशी लिंकन तत्त्वाने सहमत आहेत, पण या पक्षाविरुद्ध उघड भूमिका घेण्याचे टाळतात. आमच्या भागात ते बहुतेक माझे जुने मित्र आहेत आणि त्यांच्याशिवाय लढायला पुरेशी माणसेच नाहीत, असे कारण देतात. स्पीड यांच्याजवळ मात्र ते या पक्षावर तुटून पडतात. हा पक्ष सत्तेवर आला तर सर्व माणसे समान आहेत हे वचन काळे, परकीय आणि कॅथलिक वगळून वाचावे लागेल, असे बजावतात. म्हणजे मित्राजवळ निषेध आणि जाहीरपणे मौन. हे मौन सोयीचे होते, यात शंका नाही. पण गुलामगिरीच्या विस्ताराबाबत तिन्ही पत्रांतली भूमिका पाहिली तर ती तसूभरही हललेली नाही. गुलामांच्या मालकाला ते जे सांगतात तेच पाद्र्यालाही सांगतात. रॉबर्टसन यांच्या पत्रात तर अर्धे गुलाम आणि अर्धे मुक्त असे हे राष्ट्र कायमचे टिकेल का, हा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात. तीन वर्षांनी, 1858 मध्ये, त्याच प्रश्नाचे रोखठोक उत्तर त्यांनी स्प्रिंगफील्डच्या व्यासपीठावरून दिले. 1859 मध्ये इंडियानाचे काँग्रेस सदस्य शायलर कोलफॅक्स यांना लिहिताना ते हीच पद्धत नव्या रिपब्लिकन पक्षाला शिकवतात : एका राज्यात टाळ्या मिळवणारा ठराव दुसऱ्या राज्यात पक्षाला आग लावतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या अंगणापलीकडे पाहावे. व्हिग, फुटलेले डेमोक्रॅट, जर्मन स्थलांतरित आणि त्या स्थलांतरितांना पाण्यात पाहणारे, अशा सगळ्यांची मोट बांधायची तर बाकीचे वाद मागे ठेवणे भाग होते.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे. राजकारण्याची पत्रे समोरच्याला वळवण्यासाठी लिहिलेली असतात. ती खरी का मानावी? हा आक्षेप रास्त आहे आणि लिंकन यांची पत्रेच त्याला बळ देतात. 1841 मध्ये ते आणि स्पीड ओहायो नदीतून आगबोटीने गेले. बोटीवर बारा गुलाम सहा-सहांच्या गटांत साखळीने जखडलेले होते. त्या वेळी स्पीड यांच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात, गळाच्या दोरीला लटकलेल्या माशांसारखे दिसणारे हे लोक अशाही स्थितीत किती आनंदी होते, याचे त्यांना नवल वाटते. चौदा वर्षांनी स्पीड यांना त्याच प्रवासाची आठवण करून देताना मात्र ते दृश्य आपल्याला सतत छळत आले आहे, असे ते लिहितात. यातले एक खोटे ठरवायची घाई करू नये. पहिले पत्र मनोरंजक प्रवासवर्णन आहे, दुसरे राजकीय वादातले उत्तर. शिवाय मधल्या काळात माणूसही बदलला. पत्राची किंमत ते प्रांजळ असते म्हणून नसते, तर त्यावर तारीख आणि पत्ता असतो म्हणून असते. कोणाला, केव्हा, काय सांगितले हे शेजारी शेजारी ठेवता येते. एकच पत्र हाती असले तर फसगत होऊ शकते; पत्रमालिका आपली आपणच उलटतपासणी करते.

तो उलटतपासणीचा क्षण 1860 च्या डिसेंबरात आला. लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले होते, दक्षिणेकडची राज्ये फुटण्याच्या बेतात होती आणि स्वपक्षातलेच अनेक जण तडजोडीची गळ घालत होते. जन्मभर जुळवाजुळव करणाऱ्या माणसाने इथे नमते घेतले असते तर कोणाला नवल वाटले नसते. पण 10 डिसेंबरला ट्रम्बुल यांना खासगी म्हणून पाठवलेल्या पत्रात त्यांनी कळवले की गुलामगिरीच्या विस्ताराबाबत कसलीही तडजोड नको. ती केली तर आजवरचे श्रम वाया जातील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. 1 फेब्रुवारी 1861 रोजी न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम सेवर्ड यांनाही तेच लिहिले, आणि त्याच पत्रात एक टोचणारी गोष्टही आहे. पळून गेलेल्या गुलामांना परत धाडणे, राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी, दक्षिणेतल्या राज्याराज्यांतला गुलामांचा व्यापार, या बाबतींत काय ठरते याची आपल्याला फारशी फिकीर नाही, असे ते म्हणतात. जवळजवळ 40 लाख गुलाम माणसांचे दुःख तडजोडीच्या हद्दीच्या आत सोडून दिले होते, हे नाकारता येत नाही. लिंकन यांची ही हद्द अपुरी होती. पण ती लटकी नव्हती. विस्तार थांबला की गुलामगिरी मरणपंथाला लागेल हे दक्षिणेच्या पुढाऱ्यांनाही उमगले होते. म्हणूनच लिंकन यांनी शपथ घेण्याआधीच सात राज्ये फुटून निघाली.

पुढच्या चार वर्षांत यादवी युद्धाने आणि गुलामांच्या स्वतःच्या धडपडीने ती हद्द कितीतरी पुढे ढकलली. मुळात ती हद्द होती म्हणून पुढे ढकलता आली. राजकीय माणसाला जोखताना त्याने किती तडजोडी केल्या हे मोजत बसण्यात अर्थ नाही. तडजोड न करणारा राजकारणी नसतोच. मित्राला, विरोधकाला आणि डळमळणाऱ्याला लिहिताना कोणते एक वाक्य त्याने बदलले नाही, हे शोधावे. लिंकन यांच्या पत्रांत ते वाक्य सापडते, आणि ते किमतीचे ठरले तेव्हाही त्यांनी ते खोडले नाही.