ओल्या फडक्याची साक्ष

सोलेक्स कार्ब्युरेटर या आठवड्यात टेबलावर घ्यायचं ठरलं होतं. तो अजून फडक्यात गुंडाळलेलाच आहे. मध्येच साताऱ्याहून एक पत्र आलं, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय सोलेक्सचा एकही स्क्रू फिरवू नये असं मला वाटलं. पत्रातला प्रश्न कार्ब्युरेटरच्या अलीकडचा आहे. पेट्रोल तिथवर नीट पोचत नसताना जेटशी खेळायला गेलं, की धडधाकट कार्ब्युरेटर मात्र बिघडतो.

पत्रलेखकांची पद्मिनी १९८४ची. इंजिन त्यांनी घरीच उघडून बांधलं. सपाटीवर तक्रार नाही. पण पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट अर्धा चढला की गाडी खोकते, दोन-चार गचके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मिस्त्रींनी पंप बदलला, मग दुसराही बदलला. गृहस्थ विचारतात, ‘आता इलेक्ट्रिक पंपच बसवून टाकू का?’

इतक्यात नको. आधी तुमच्या गाडीच्या डिकीत एक जुनं सुती फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा.

द्रुतगती मार्ग होण्याआधी ज्यांनी उन्हाळ्यात बोरघाट चढला आहे, त्यांना हे फडकं आठवत असेल. शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट मी लहानपणापासून पाहत आलो. आमचे वडील बॉनेट उघडत, ओलं फडकं पिळून पेट्रोल पंपाभोवती गुंडाळत आणि आम्हाला म्हणत, ‘देवाला पैसा टाकून या.’ आम्ही येईपर्यंत गाडी सुरू झालेली असे. शिंग्रोबावरची माझी श्रद्धा आजही आहे, पण पंपात काय घडत होतं ते सांगतो.

पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाला चिकटून. कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरता फिरता पंपाची दांडी हलवतो, दांडी आतला रबरी पडदा ओढते आणि टाकीतलं पेट्रोल शोषलं जातं. मग पडद्यामागची स्प्रिंग त्याला परत ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची अख्खी नळी शोषणाखाली असते. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. त्यातून पेट्रोल हा काही एकच द्रव नाही. त्यातले सगळ्यात हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उडायला लागतात. घाटात गाडी हळू, इंजिनावर भार पूर्ण, बॉनेटखाली वारा कमी. अशा वेळी तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते. पडदा हलत राहतो, पण वाफच दाबतो आणि सोडतो. पेट्रोल पुढे सरकत नाही.

चढ संपल्यावर चहाला थांबलात तर आणखी गंमत. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि ब्लॉकमधली उष्णता पंपात शिरत राहते. म्हणून वरपर्यंत सुखरूप आलेली गाडीही चहानंतर सुरू व्हायला नकार देते.

ओलं फडकं इथे तेच करतं जे माठ करतो. एक ग्रॅम पाणी हवेत उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. पाव वाटी पाणी उडालं तरी पंपाला तो मोठा दिलासा. आणि माठाचं पाणी देशावर जितकं गार होतं तितकं कोकणात होत नाही, तसंच फडक्याचं. वरच्या कोरड्या हवेत ते चटकन काम करतं, खाली खोपोलीच्या दमट संध्याकाळी जरा धीर धरावा लागतो.

आता मूळ मुद्दा. माझी पहिली पद्मिनी मी १९९८मध्ये घेतली, आणि दोन उन्हाळे ती मला असंच छळत होती. मी पंपाचा पडदा बदलला, झडपा बदलल्या, नळी नवी टाकली. फडकं गुंडाळून अर्धा तास थांबलो की गाडी सुरू व्हायची, म्हणून दोष उष्णतेचाच यावर माझा पक्का विश्वास. एकदा घाटात थांबलो असताना, टाकीत पेट्रोल किती उरलं ते पाहायला झाकण फिरवलं, तर मोठा फुस्स आवाज होऊन हवा आत शिरली. किल्ली फिरवली, पंपाची दांडी हाताने चार वेळा मारली, गाडी सुरू! पेट्रोलचोरीच्या भीतीने मी बाजारातून कुलूपवालं झाकण आणून बसवलं होतं. त्याला हवेचं भोकच नव्हतं. माझ्या गाडीत टाकीला श्वास घ्यायची तेवढीच वाट होती. पेट्रोल संपत जाई तशी टाकीत पोकळी वाढे आणि शेवटी पंपाला ओढवेनासं होई. अर्ध्या तासात फटीफटींतून हवा झिरपली की पुन्हा चाल. श्रेय मात्र फडक्याला!

तिसरा संशयितही आहे. कॉइल किंवा कंडेन्सर तापला की करंट मरतो, आणि गार झाला की परत येतो. तिघांची लक्षणं सारखीच: चढ, गचके, बंद, अर्धा तास, चालू. थांबल्याने तिन्ही दोष बरे होतात, म्हणून थांबून गाडी सुरू झाली यावरून काहीच सिद्ध होत नाही. साताऱ्याचे दोन्ही पंप बहुधा निर्दोष होते.

तेव्हा गाडी बंद पडली की थांबू नका. गरम असतानाच, एका वेळी एकच गोष्ट करा, आणि प्रत्येक गोष्टीनंतर स्टार्टर मारून पाहा. आधी एक प्लग काढून, त्याची वायर लावून, बॉडीला टेकवून करंट बघा. हे पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब करा, आणि कुठे पेट्रोल सांडलं असेल तर मुळीच करू नका. करंट ठणठणीत असेल तर टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. आवाज नाही, गाडीही सुरू नाही, तर मग फडकं. फक्त पंपावर आणि त्याच्या नळीवर. डिस्ट्रिब्यूटरवर पाणी जाऊ देऊ नका, आणि तापलेल्या धातूवर गार पाणी ओतू तर नकाच. पाच मिनिटांत फडक्याने गाडी उठली तर ती साक्ष खरी.

साक्ष उष्णतेविरुद्ध गेली तरी पंप दोषी ठरत नाही. सकाळी थंड इंजिनावर कार्ब्युरेटरकडची नळी सोडून काचेच्या बाटलीत धरा, आणि पंपाची दांडी हाताने मारा. जाड, अखंड पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. थंड असतानाही बुडबुडे येत असतील तर शोषणाच्या बाजूला नळी हवा धरते आहे. अशा भेगेतून पेट्रोल गळेलच असं नाही, कारण ती आत ओढते, म्हणून वासाने सापडत नाही. टाकीजवळचा आणि पंपाजवळचा रबरी तुकडा वाकवून भेगा पाहा. ऑइलची पट्टीही हुंगा. तिला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय, आणि अशी गाडी घराबाहेर काढू नये.

थंड इंजिनावर पिचकारी चांगली आणि बुडबुडे फक्त तापल्यावर, तर मात्र उष्णतेचाच बंदोबस्त करायचा. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो. मागच्या मिस्त्रीने तो फेकून नुसतं पॅकिंग लावलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलं आहे. नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली असेल तर लांब घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. एकटं इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलच्या काही घटकांच्या सोबतीने त्याहून कमी तापमानालाच उडतं. जुनं रबरही ते फुगवतं. त्यामुळे पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्याच घ्या.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला तर पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जातं आणि वाफ कमी धरते, हे खरं. पण भोक नसलेल्या झाकणापुढे तोही हरेल. शिवाय त्याचा दाब जास्त झाला तर सोलेक्सची नीडल तो उचलून धरेल आणि पेट्रोल वाहू लागेल. त्या नीडलपासूनच पुढच्या रविवारी सुरुवात करू. तोवर सगळ्यांनीच आपापल्या टाकीचं झाकण काढून उजेडात धरा, आणि भोक सापडलं तर बारीक तारेने ते मोकळं आहे ना ते पाहा.