भय आणि स्मरण

डिसेंबर १९९९ मध्ये बालाघाट जिल्ह्याच्या किरनापुर भागात मध्य प्रदेशचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. अशी भयंकर वार्ता आपल्याला कोठे व कोणाकडून कळली, हे मनुष्य अनेक वर्षांनंतरही सांगू शकतो. परंतु त्याच आठवड्यातील इतर दिवस त्याच्या स्मरणातून पार पुसले गेलेले असतात. असे का व्हावे?

भय उत्पन्न होताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. पाठोपाठ काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढते. अ‍ॅड्रेनलिन स्वतः मेंदूत सहसा शिरत नाही. ते व्हेगस या मज्जातंतूस चेतविते, आणि त्यामुळे मेंदूतील अ‍ॅमिग्डाला या बदामाएवढ्या भागात नॉरअ‍ॅड्रेनलिन स्रवते. अ‍ॅमिग्डाला जणू शेजारच्या हिप्पोकॅम्पसला बजावते, 'हे जपून ठेव.' १९९४ साली काहिल, मॅकगॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना या द्रव्यांचे कार्य रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन एका मुलाच्या अपघाताची कथा चित्रांसह ऐकविली. आठवड्यानंतर त्यांना कथेचा हृदयद्रावक भाग इतरांपेक्षा कमी आठवला. साध्या कथेच्या स्मरणात मात्र फरक पडला नाही.

तथापि ठळक आठवण म्हणजे अचूक आठवण नव्हे. १९८६ मध्ये अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान कोसळले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नायसर व हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून हकीगती लिहून घेतल्या. दोन वर्षांहून अधिक काळाने त्यांतील अनेकांनी निराळीच हकीगत सांगितली, आणि तीही पूर्ण खात्रीने.

शिवाय ताण दीर्घकाळ टिकला, तर तेच कॉर्टिसॉल हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडविते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. ताणाच्या ऐन भरात माहीत असलेली गोष्टही आठवेनाशी होते. परीक्षेत गोंधळलेल्या विद्यार्थ्यास याचा अनुभव असतो.

शोकग्रस्तांच्या घरी सांत्वनास जाणाऱ्या आपणा सर्वांना यातून बोध घेता येईल. दुःखी मनुष्याची हकीगत आज एक व उद्या दुसरी झाली, तर आपण त्याला खोटे ठरवू नये. 'नीट आठवून सांगा' असा आग्रहही धरू नये. त्याचप्रमाणे केवळ तो ठामपणे सांगतो म्हणून कोणा तिसऱ्यावर दोषही ठेवू नये. तपशिलाची शहानिशा वेगळी आणि दुःखाची साक्ष वेगळी. तपशील चुकला, तरी दुःख खरेच असते.