एकोणचाळीस मिनिटांवरून दंगा

कारखान्यातला कामाचा दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तेव्हापासून चर्चा ओव्हरटाइमच्या दराभोवतीच फिरतेय. मुंबईच्या गिरणगावात मात्र भांडण पैशांइतकंच वेळेचंही होतं.

सुरुवातीला गिरण्या सूर्यावर चालत. उजाडलं की साचे सुरू, अंधारलं की बंद. 1905 च्या सुमारास खात्यांत विजेचे दिवे लागले, कापडाला तेजी होती. मालकांनी दिवस चौदा-पंधरा तासांवर नेला. त्यातच 1906 च्या जानेवारीत नवी प्रमाणवेळ आली. मुंबईच्या वेळेपेक्षा ती 39 मिनिटं पुढे. गेट जुन्याच आकड्याला उघडणार, म्हणजे थंडीच्या अंधारात 39 मिनिटं आधी उठायचं! हजारो कामगारांनी काम बंद पाडलं, गिरण्यांवर दगड पडले. काट्यावरून दंगा करणाऱ्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मुंबईची वेळ टिकावी म्हणून शहरातली प्रतिष्ठित मंडळीही भांडत होती, पण ती अस्मितेसाठी. कामगार भांडला झोपेसाठी.

भोंगा फक्त कामगाराला उठवत नसे. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी खानावळवालीची चूल पेटलेली असे. गाळ्यात एकजण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीहून आलेला आडवा होई. अख्खी चाळ गिरणीच्या वेळापत्रकावर जगे.

ही पुरवणी आपण रविवारी निवांत वाचतो, त्यातही गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंड्यांचा वाटा आहे. त्यांच्या लढ्यामुळे 1890 मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. तासांची लढाई मात्र लांबली. कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस 1911 मध्ये 12 तासांवर बांधला. 1922 मध्ये 11, 1934 मध्ये 10, 1946 मध्ये 9. तीन तास सोडवायला पस्तीस वर्षं लागली, परत द्यायला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली.

त्यातही तेव्हा चाळ गिरणीला लागून होती. आजचा कामगार विरार-बदलापूरहून येतो. लोकलमधले तास कोणत्याच कायद्यात मोजलेले नाहीत.

कामगाराची लेखी संमती घेऊ, असं सरकार म्हणतं. रोज सकाळी गेटवर ताटकळणाऱ्या बदली कामगारालाही 'नाही' म्हणण्याची मुभा होतीच की! दुसऱ्या दिवशी कामगार भरणारा जॉबर त्याला आत घेणार नाही, एवढंच. कंत्राटावरच्या माणसाची सही याहून वेगळी कशी, ते आधी सांगा. ओव्हरटाइमचा दर मग बोलू.